नव्या वेष्टनांतला जुना डाव

ग्रंथाची नवी आवृत्ति निघाली म्हणजे टीकाकार प्रथम एक प्रश्न विचारतो : बदललें तें काय? पुठ्ठा बदलला, कीं संहिता बदलली? अक्षरें ठळक झालीं, कागद गुळगुळीत झाला, चित्रें रंगीत आलीं, एवढ्यानें आवृत्ति ‘सुधारलेली’ ठरत नाहीं. उलट ओबडधोबड छपाईची एखादी जुनी प्रत शुद्ध पाठ देत असेल, तर जाणता वाचक तीच जपून ठेवतो. हा न्याय आपण पुस्तकांना लावतों, नाटकांना लावतों, गाण्याच्या बैठकीसहि लावतों. घरांतल्या खेळांना मात्र तो लावण्याची आपणांस आठवण होत नाहीं. खेळ हा मुलांचा विषय, आणि मुलांच्या विषयावर टीका ती काय करावयाची, अशी आपली समजूत आहे. वास्तविक ज्या पटाभोंवतीं आजी, आई, बाप आणि नातवंडें एका सतरंजीवर तासन्‌तास बसतात, आणि अक्षरओळख न झालेलें मूलहि जो आपल्या परीनें ‘वाचतें’, त्या पटाइतकें घराघरांतून वाचलें जाणारें पुस्तक आपल्याकडे क्वचितच सांपडेल. म्हणून अशा एका पटाच्या नव्या आवृत्तीचा परामर्श या पृष्ठांत घेतला, तर वाचक तो अस्थानीं समजणार नाहींत, अशी आशा आहे.

नागपुराकडे बैठ्या खेळांचा खरा हंगाम म्हणजे उन्हाळा. येथील ऊन असें, कीं विदर्भांतल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्राच्या मागाहून, जून महिना सरत आला म्हणजे उघडतात. वैशाख-ज्येष्ठाच्या दुपारीं मुलांना अंगणांत जाऊं देणें शक्य नसतें. खिडक्यांवर पडदे ओढून, कूलरच्या गार वाऱ्यांत सारें घर एका खोलींत गोळा होतें, आणि मग कोणीतरी कपाटावरचा पट खालीं काढतो. परामर्शास घेतलेला संच याच हंगामासाठीं आम्हीं सीताबर्डीवरील एका दुकानांतून विकत घेतला. तो काढणाऱ्याचें नांव येथें मुद्दामच देत नाहीं. कारण जो दोष दाखवावयाचा आहे तो त्या एकट्याचा नव्हे.

एका पुठ्ठ्याच्या एका अंगास लूडो आणि दुसऱ्या अंगास सापशिडी, हा आपल्या बाजाराचा जुना परिपाठ. तो या आवृत्तींतहि पाळला आहे. परंतु साज सगळा नवा आहे. पेटीवर ‘पारंपरिक’ हा शब्द ठळक छापलेला असून पटाच्या चारहि कडांना वारली पद्धतीच्या आकृतींची किनार काढली आहे. लूडोच्या चार घरांत हत्ती, घोडा, उंट आणि मोर विराजमान झाले आहेत. सापशिडीवरील साप हंसरे आहेत आणि शिड्या बांबूच्या. सोंगट्या लांकडी असून हाताला बऱ्या लागतात; पूर्वीच्या प्लास्टिकच्या टोप्यांसारख्या वाऱ्यानें उडून जात नाहींत. आंकडे आजीबाईंना चष्म्यावांचून वाचतां यावे एवढे मोठे आहेत. रंग भडक नाहींत. चित्रकाराचें काम मन लावून केलेलें आहे, आणि तेवढ्यापुरती त्याची तारीफ केलीच पाहिजे.

पण पेटींतला नियमांचा कागद उलगडला म्हणजे मनाची निराशा होते. लूडोंत चार खेळाडू, प्रत्येकजण आपापला. सहा पडल्यावांचून सोंगटी बाहेर नाहीं. ज्याच्या चार सोंगट्या आधीं घरीं पोंचतील तो जिंकला. सापशिडींत एकापासून शंभरापर्यंत जावयाचें. सापाच्या तोंडीं गेलेला खालीं, शिडीस लागलेला वर. शंभरावर आधीं पोंचेल तो जिंकला. किनार आपल्या मातीची, आणि नियम व्हिक्टोरिया राणीच्या अमदानींतले! वेष्टन स्वदेशी झालें, संहिता विलायतीच राहिली. आणि त्या विलायती संहितेनें मूळ पाठांतलें काय गाळलें होतें, याची या ‘पारंपरिक’ आवृत्तीस दादहि नाहीं.

प्रथम लूडोचें पाहूं. हा शब्द लॅटिन भाषेंतला असून त्याचा अर्थ ‘मी खेळतों’ असा आहे. इंग्लंडांत १८९६ सालीं या खेळाचें पेटंट घेण्यांत आलें. त्यापूर्वीं अमेरिकेंत ‘पार्चीसी’ या नांवाची नोंद १८७४ सालींच झाली होती. तें नांव तरी आपली जात लपवीत नाहीं. दोन्ही खेळ म्हणजे आपल्या पचिशीचीं आटोपशीर केलेलीं रूपें होत. पचिशीचा पट कापडाचा, फुलीच्या आकाराचा, घडी करून ठेवण्याजोगा. चार भुजा, प्रत्येक भुजेंत आठ-आठ घरांच्या तीन ओळी, म्हणजे एकंदर ९६ घरें आणि मधला चौक. त्यांपैकीं १२ घरांवर फुल्या. फुलीवर बसलेल्या सोंगटीस कोणी मारूं शकत नसे. सोंगट्या १६. दान पाडावयाचें तें कवड्यांनीं. सहा कवड्यांच्या चालींत सर्वांचीं तोंडें जमिनीकडे झालीं तर पंचवीस मोजावयाचे, आणि त्या पंचविसांवरूनच खेळास नांव मिळालें. कवड्यांच्या ऐवजीं तीन लांबट फांसे घेतले म्हणजे तोच पट चौपटाचा, आपल्या बोलण्यांतल्या सारीपाटाचा होई. फत्तेपूर शिक्रीच्या वाड्यांत अकबराच्या पचिशीचा म्हणून दाखविला जाणारा दगडी पट आजहि पाहावयास मिळतो, आणि अबुल फजलानें आपल्या ‘आईने अकबरी’ंत चौपटाची माहिती नोंदून ठेवली आहे. मराठी भाषेंत तर हा खेळ इतका मुरला आहे, कीं पट ज्यांनीं पाहिला नाहीं तेहि ‘मनासारखें दान पडलें’, ‘फांसे उलटे पडले’, ‘डाव उधळला’ असें रोज म्हणत असतात.

या खेळाचें मर्म मात्र कवड्यांत नव्हतें, तें बैठकींत होतें. रंग चार, पण पक्ष दोन. समोरासमोर बसणारे दोघे एकमेकांचे भिडू. माझ्या चारहि सोंगट्या घरीं आल्या तरी डाव माझा होत नसे; भिडूच्या आल्या म्हणजे तो आम्हां दोघांचा होई. यामुळें खेळणाराला आपल्या चालीबरोबर भिडूच्या चालीचा विचार करावा लागे. पुढें गेलेला खेळाडू, भिडू मागें रेंगाळतो आहे असें पाहून, आपली सोंगटी घरांत न घालतां पुन्हां एकदां फेऱ्यास काढी. शत्रूची वाट अडवी आणि भिडूची मोकळी करी. शिवाय पडलेलें दान चाललेंच पाहिजे अशी सक्ति नव्हती. चाल नाकारून जागच्या जागीं थांबण्याची मुभा होती, आणि केव्हां थांबावें हें ओळखण्यांत मोठें शहाणपण होतें. दान दैवाचें, पण त्याचें काय करावयाचें तें माणसाच्या हातीं आणि भिडूच्या भरंवशावर, अशी ही रचना होती.

विलायती संपादकानें या पाठावर कात्री चालविली. कवड्यांच्या जागीं एकच घन फांसा आणला. वाट आंखूड केली. चालण्याची सक्ति केली. आणि सर्वांत मोठें म्हणजे भिडू काढून टाकला. पहिल्या कांहीं बदलांविषयीं वाद घालण्याचें कारण नाहीं. खेळ सोपा झाला, लवकर संपूं लागला, लहानांना कळूं लागला. परंतु भिडू गेला तेव्हां खेळाचा अर्थच उलटा झाला. ‘आम्ही खेळतों’ या क्रियापदाचें ‘मी खेळतों’ झालें. आणि नवल असें, कीं नव्या नांवानें तो पाठभेद स्वतःच्या तोंडानें जाहीर केला!

हा भेद केवळ अभ्यासकाच्या कुतूहलाचा नव्हे. लूडोच्या पटाशीं बसलेल्या कोणत्याहि कुटुंबाकडे क्षणभर पाहावें. सहा वर्षांच्या मुलाची सोंगटी घराच्या दारांत मारली जाते. मारणारा त्याचाच थोरला भाऊ असतो. मुलाचे डोळे भरून येतात. मग आई म्हणते, ‘जाऊं दे, लहान आहे तो,’ आणि सोंगटी परत ठेवावयास लावते. म्हणजे ममता दाखवावयाची तर नियम मोडावा लागतो. पचिशींत त्याच मुलाच्या समोर त्याची आजी भिडू म्हणून बसलेली असती. त्याची सोंगटी मेली तर तिची कळ आजीलाहि लागती, आणि पुढच्या दानाला आजीनें तिचा वचपा काढला असता. तेथें ममता नियमाच्या पोटांतच होती. ज्या खेळांत माया करण्यासाठीं नियम मोडावा लागतो आणि ज्या खेळांत नियम पाळला म्हणजे माया आपोआप घडते, त्या दोहोंपैकीं कुटुंबाचा खेळ कोणता, हें सांगण्यास टीकाकाराची आवश्यकता नाहीं.

आतां पुठ्ठा उलटूं. सापशिडीची कथा याहूनहि उद्बोधक आहे. महाराष्ट्रांत या खेळाच्या पूर्वजाला मोक्षपट म्हणतात, आणि परंपरा त्याचें कर्तृत्व ज्ञानेश्वरांकडे देते. या श्रेयास समकालीन लेखी आधार नाहीं, हें येथेंच सांगितलेलें बरें. या जातीचे जे जुने पट आज उपलब्ध आहेत ते अठराव्या शतकापासूनचे आहेत. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे ग्रंथपाल वा. ल. मंजूळ यांनीं मराठी मोक्षपटांकडे अभ्यासकांचें लक्ष वेधलें, आणि डेन्मार्कचे जेकब श्मिट-मॅडसेन यांनीं पश्चिम हिंदुस्थानांतील या खेळावर कोपेनहेगन विद्यापीठांत २०१९ सालीं प्रबंध लिहिला. उत्तरेंत हाच खेळ ज्ञानचौपड या नांवानें प्रसिद्ध असून वैष्णवांचे पट बहुधा ७२ घरांचे, तर जैनांचे ८४ घरांचे असत.

या जुन्या पटांवर प्रत्येक घराला नांव होतें. सोंगटी ज्या घरीं येई त्या घराचें नांव वाचावयाचें. लोभ, क्रोध, अहंकार या घरांतून साप खालीं नेत, आणि दया, दान, भक्ति या घरांतून वरची वाट निघे. सापांची संख्या शिड्यांहून अधिक असे. कारण चढणें कठीण आणि घसरणें सोपें, हा पट काढणारांचा अनुभव होता. हरीश जोहरी यांनीं १९७५ सालीं ‘लीला’ या नांवानें इंग्रजींत जो ७२ घरांचा पट विवरणासह प्रसिद्ध केला, त्यांत शिड्यांच्या जागीं बाण आहेत. ५४ व्या घरीं भक्ति आहे आणि तेथील बाण थेट ६८ व्या घरीं, वैकुंठास पोंचवितो. येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. वैकुंठ शेवटच्या घरांत नाहीं. त्याच्या पुढें आणखी चार घरें आहेत. अधिक मोठ्या दानाच्या भरांत जो वैकुंठ ओलांडून जाईल, त्याची गांठ ७२ व्या घरीं तमोगुणाशीं पडते, आणि तेथला साप त्यास ५१ व्या घरीं, पुन्हां पृथ्वीवर, आणून सोडतो. पुढें जाणें म्हणजेच वर जाणें नव्हे, हा विचार एका घराच्या जागेनें सांगणारा संपादक सामान्य नव्हता!

इंग्लंडांत हा खेळ १८९२ च्या सुमारास छापून निघाला. तेथल्या पहिल्या आवृत्त्यांनीं घरांचीं नांवें अगदींच टाकलीं नाहींत. त्यांचें भाषांतर केलें. काटकसर, पश्चात्ताप, उद्योग यांच्या शिड्या झाल्या. आळस आणि आज्ञाभंग यांचे साप झाले. परंतु साप आणि शिड्या यांची संख्या सारखी करण्यांत आली, जणू कांहीं संसाराचा जमाखर्च वर्षाखेर जुळलाच पाहिजे! पुढें हळूहळू नांवेंहि गळालीं आणि घरांत उरले ते नुसते आंकडे. ही जी आंकड्यांची प्रत, तीच आपल्याकडे परत आली, आणि तिलाच आपण आज सापशिडी म्हणतों. अमेरिकेंत निराळाच प्रकार घडला. तेथें १९४३ सालीं मिल्टन ब्रॅडली या कंपनीनें काढलेल्या आवृत्तींत सापांच्या जागीं मुलांच्या बागेंतल्या घसरगुंड्या आल्या. पण घसरगुंडीच्या माथ्यावर मुलाची खोडी आणि तळाशीं तिचें फळ, शिडीच्या पायथ्याशीं चांगलें काम आणि माथ्यावर त्याचें बक्षीस, अशीं चित्रें काढलीं गेलीं. अमेरिकेनें साप टाकले आणि कर्म ठेवलें; आपण साप ठेवले आणि कर्म टाकलें.

प्रस्तुत आवृत्तींतले साप हंसतात. कां हंसतात, हें पटावर कोठें लिहिलेलें नाहीं. मुलानें ‘मी खालीं कां आलों?’ असें विचारलें, तर घरांतल्या वडील माणसाजवळ ‘साप होता म्हणून’ यापलीकडे उत्तर नाहीं. जुन्या पटावर याच प्रश्नापासून संभाषणास आरंभ होई. ‘अहंकार म्हणजे काय, आजी?’ असें मूल विचारी, आणि मग आजीला एखादी गोष्ट सांगावी लागे. पट हें गोष्टींच्या अनुक्रमणिकेचें पान होतें. त्या पानावरचीं नांवें पुसून आपण फक्त पृष्ठांक ठेवले आहेत. आणि आतां त्या पृष्ठांकांना वारली किनार लावून त्यास परंपरा म्हणत आहों!

या म्हणण्यावर आक्षेप येतील, आणि ते विचारांत घेतलेच पाहिजेत. कोणी म्हणेल, खेळ तो खेळ; मुलांना घटकाभर निखळ मौज करूं द्या, तेथें नीतीचे पाठ कशाला? हा आक्षेप वरवर रास्त आहे. उपदेशानें बुजबुजलेलें बालवाङ्मय आपण पुष्कळ पाहिलें आहे, आणि त्याची आम्हांस गोडी नाहीं. परंतु नांव असणें म्हणजे उपदेश असणें नव्हे. बुद्धिबळांत राजा, वजीर, घोडा हीं नांवें आहेत. तीं काढून मोहऱ्यांना एक, दोन, तीन म्हटलें, तर चाली त्याच राहतील, पण खेळाची अर्धी मौज निघून जाईल. नांव हें कल्पनेचें खाद्य आहे. आंकड्यावरून पडलेल्या मुलापेक्षां ‘आळसा’वरून पडलेलें मूल अधिक हंसतें, आणि त्याच्या भोंवतालचेहि अधिक हंसतात.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. सापशिडींत सर्व कांहीं फांशाच्या हातीं. खेळणाराला निवड अशी मुळींच नाहीं. मग लोभ न करतांच जो लोभाच्या घरीं जाऊन पडला, त्याला लोभाचा साप लावणें हा न्याय कसा? जुन्या लोकांनीं प्रारब्धाचें उत्तर दिलें असतें. तें आजच्या आईबापांस पुरेसें वाटणार नाहीं, आणि वाटूंहि नये. कारण या विचारांत एक धोका आहे. कोसळलेला मनुष्य दिसला कीं त्यानें पाप केलेंच असलें पाहिजे, असें मानण्याची संवय त्यांतून लागूं शकते. आणि ती संवय आपल्या समाजाला पूर्वींपासून थोडीथोडकी नाहीं. गरिबाला त्याच्या गरिबीबद्दल आणि रोग्याला त्याच्या रोगाबद्दल दोष देणारे हा पट न खेळतांहि पुष्कळ आहेत. म्हणून जुनीं नांवें जशींच्या तशीं परत आणावींत, असें आमचें म्हणणें नाहीं. पण या आक्षेपांतच त्याचें अर्धें उत्तर आहे. पट आणि फांसा हीं दोन्ही एकत्र ठेवलीं, म्हणजे दोन गोष्टी एकदम सांगितल्या जातात : सद्‌गुण वर नेतो हें पट सांगतो, आणि शिडीच्या पायथ्याशीं पोंचणें केवळ आपल्या गुणावर अवलंबून नसतें, हें फांसा सांगतो. पहिली गोष्ट वर गेलेल्याला उमेद देते, दुसरी त्याला नम्र करते. नुसत्या आंकड्यांच्या पटावर दैव तेवढें उरतें. त्यांतून उमेदहि मिळत नाहीं आणि नम्रताहि नाहीं.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा. आतां पुठ्ठ्याचा पट तरी कोण उलगडतो? मुंबईच्या एका कंपनीनें २०१६ सालीं काढलेला ‘लूडो किंग’ २०२० च्या टाळेबंदींत घरोघरच्या फोनांवर पोंचला, आणि अनेक ठिकाणीं दूर अडकलेल्या नातेवाइकांना त्यानें एका पटाशीं बसविलें. हा उपकार लहान नव्हे. परंतु त्या दिवसांत लोकांना कशाची भूक होती, तें यावरून दिसतें. ती भूक जिंकण्याची नव्हती, एकत्र बसण्याची होती. जो खेळ मनुष्य मनुष्यांत बसण्यासाठीं खेळतो, त्याचे नियम मात्र प्रत्येकाला एकटें पाडणारे असावेत, ही विसंगति पुठ्ठ्यावर आहे तशीच कांचेवरहि आहे.

यावरून आम्ही नव्याचे शत्रु आहों, असा ग्रह कोणी करून घेऊं नये. वस्तूचें रूप बदलूनहि तिचें मर्म कसें राखावें, याचें उत्तम उदाहरण नागपुरांतच दरसाल पाहावयास मिळतें. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं येथें तान्हा पोळा भरतो. हा मुलांचा पोळा भोसल्यांच्या अमदानीपासून चालत आल्याचें सांगतात. लांकडी बैलास दोरी बांधून मुलें तो घरोघर नेतात, आणि थोरांकडून बोजारा घेतात. या बैलाची ‘आवृत्ति’ किती बदलली! कोणी त्याला चाकें लावलीं, कोणी झुलीवर आरसे जडविले, कोणी तो मुलाच्याहून उंच केला. त्यास हरकत कोणी घेतली नाहीं. कारण बैल केवढाहि झाला, तरी मुलाला तो ओढीत शेजाऱ्याच्या दारीं जावेंच लागतें, आणि शेजाऱ्याला दार उघडून त्याचें कौतुक करावेंच लागतें. नियम शाबूत आहे, म्हणून खेळ जिवंत आहे. उद्यां कोणी अत्यंत देखणा बैल काढून ‘हा घरांतच ठेवावयाचा’ असा नियम केला, तर तो बैल कितीहि ‘पारंपरिक’ दिसो, तान्हा पोळा त्या दिवशीं संपला असें समजावें. पटाच्या बाबतींत नेमकें तेंच झालें आहे.

विदर्भाचा आणि फांशांचा संबंध तसा पुरातन. या देशची राजकन्या दमयंती. तिचा पति नल पुष्कराबरोबर फांसे खेळून राज्य घालवून बसला, हें आख्यान महाभारताच्या वनपर्वांत आहे, आणि तें सांगितलें आहे तें द्यूतांतच सर्वस्व गमावलेल्या युधिष्ठिराला. नलाला राज्य परत मिळालें तें नव्या फांशांनीं नव्हे. ऋतुपर्ण राजानें त्यास ‘अक्षहृदय’ दिलें, म्हणजे फांशांचें मर्म दिलें. आणि तें मर्म कळलेल्या नलानें जिंकल्यावर काय केलें? पुष्कराला त्यानें नागविलें नाहीं. त्याचा वांटा त्याला देऊन सन्मानानें परत पाठविलें. खेळाचें हृदय ज्याला कळलें, त्याला जिंकल्यानंतर समोरच्याचें काय करावें हेंहि कळतें, असें कथाकारास सुचवावयाचें असावें. आमच्या हातीं आलेल्या संचांत अक्ष सुबक आहेत. हृदय घालावयाचें राहून गेलें आहे.

मग हा संच घ्यावा, कीं न घ्यावा? आमच्या मतें अवश्य घ्यावा; लांकडी सोंगट्या आणि ठळक आंकडे यांसाठीं तो घेण्याजोगा आहे. मात्र नियमांचा कागद बाजूस ठेवावा. लूडोच्या बाजूस समोरासमोरच्या दोघांना भिडू करावें. शक्य तर सर्वांत थोरल्याला सर्वांत धाकट्याचा भिडू करावें. पडलेलें दान नाकारण्याची मुभा द्यावी. आणि दोघांच्या आठहि सोंगट्या घरीं आल्यावांचून जिंकलें असें म्हणूं नये. या एवढ्या बदलाला नवा पुठ्ठा लागत नाहीं. सापशिडीच्या बाजूस घरांतल्या सर्वांनीं मिळून सापांना आणि शिड्यांना नांवें द्यावींत आणि कागदाच्या चिठ्ठ्या करून तीं चिकटवावींत. तीं शास्त्रांतलींच असलीं पाहिजेत असें नाहीं. ‘चुगली’, ‘उद्यां करूं’, ‘माझेंच खरें’ असे साप असावेत. ‘चूक कबूल केली’, ‘वांटून खाल्लें’, ‘आजाऱ्याजवळ बसलों’ अशा शिड्या असाव्यात. कोणत्या सापाला कोणतें नांव द्यावें, यावर जी चर्चा होईल, तींत मुलें आपल्या वडिलांचेहि साप दाखवितील. तें वडिलांनीं हंसून ऐकून घ्यावें. नियम एकच ठेवावा : घराचें नांव ज्याची सोंगटी त्यानेंच वाचावें, दुसऱ्यानें त्याला ऐकवूं नये.

प्रकाशकांसहि एक सूचना करावीशी वाटते. पुढची आवृत्ति काढतांना चित्रकाराला बोलावण्यापूर्वीं एखाद्या जुन्या घरांतल्या आजीला बोलवावें, आणि ती भिडू कशी धरीत असे, तें विचारून घ्यावें. कोजागिरीच्या रात्रीं अक्षक्रीडा करीत जागावें, असें शास्त्रकारांनीं सांगून ठेवलें आहे. त्या रात्रीं दुधाची वाटी हातीं घेऊन, समोर भिडू बसवून, हा डाव एकदां मांडून पाहावा. आमच्या म्हणण्यांत तथ्य किती आहे, तें पहिला डाव संपण्यापूर्वींच घरांतलीं मुलें सांगतील.